साडेचारची नोंद

मी त्या घरात राहायला गेलो तेव्हा घरमालकांनी आधी माझं नाव विचारलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, टेबलावरची लांबट वही ओढली आणि लिहिलं, 'दहा बावन्न.' मग मान वर करून म्हणाले, "हं. आता बोला. कोण, कुठले?"

मी नरडाण्याजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. धुळ्याला बी. एस्सी.ला प्रवेश मिळाला होता, संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास लावायचा होता आणि राहायला एक खोली हवी होती. हे सगळं मी एका दमात सांगितलं. ते म्हणाले, "सावकाश. गाडी लागलेली आहे, सुटायला वेळ आहे."

ते एस. टी. स्टँडवर कंट्रोलर होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. गल्लीत त्यांना कंट्रोलरच म्हणत. मी आबा म्हणायला लागलो. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. वेळेत झालेल्या गोष्टी निळ्या, उशिराच्या लाल. दूधवाला, पेपरवाला, नळाचं पाणी, सगळ्यांच्या वेळा त्या वहीत जायच्या. मी आंघोळीला निघालो की आतून घोषणा व्हायची, "धुळे-न्हाणीघर, फलाट एक, सहा पस्तीस! प्रवाशांनी साबण सोबत घ्यावा!" अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "पुरे व्हयनं आते."

'अंदाजे' हा शब्द त्या घरात चालत नसे. मी एकदा म्हणालो, "अंदाजे आठला येईन." आबा म्हणाले, "अंदाजे म्हणजे? गाडी अंदाजे सुटते का? माणसं अंदाजे बसतात का तिच्यात?" मी आठ वाजून चार मिनिटांनी आलो. लाल पेन निघालं.

माझे वडील एकदा भेटायला आले. दारात चपला काढतात तोवर आबांनी त्यांचीही वेळ लिहिली. वडिलांना वाचता येत नव्हतं, पण वही उघडलेली कळली. ते जरा बिचकून म्हणाले, "येळ काबरं लिखी ऱ्हायनात आबा? मी काय चोर शे का?"

आबा हसले. "चोराची वेळ लिहिता आली असती तर किती बरं झालं असतं. तो सांगून येत नाही ना."

समोरच्या दुकानातले म्हातारे नाना त्यांना ओरडून विचारत, "कंट्रोलर, आमची गाडी किती वाजता?" आबा तिथूनच सांगत, "फलाटाला लागली की सांगतो. पिशवी भरून ठेवा." असं सगळं हसतखेळत चालायचं. त्यामुळे पुढच्या खोलीतल्या त्या कॉम्प्युटरकडे माझं बरेच दिवस नीट लक्ष गेलं नाही.

तो त्यांच्या मुलाचा होता. घरात त्याला भाऊ म्हणत. त्याने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. मी तिथे जाण्याच्या दोन वर्षं आधी, एका सकाळी सात चाळीसला, तो एक बॅग घेऊन "जळगावला जाऊन येतो" म्हणून निघाला. आबांनीच त्याला गाडीत बसवलं. तो जळगावला उतरला नाही. कंडक्टर म्हणाला, "पारोळ्यापर्यंत तर खिडकीशी बसलेला होता." त्यानंतर काही नाही. चिठ्ठी नाही, फोन नाही. पोलिसात कागद झाले. भांडण झालं नव्हतं, नापास झाला नव्हता. हे मला अक्कांनी सांगितलं. आबा त्याबद्दल एवढंच म्हणत, "लेट आहे. रद्द नाही."

कॉम्प्युटरवर अक्कांनी जुन्या लुगड्याचं आवरण शिवून घातलं होतं. रोज सकाळी दहा पंचावन्नला आबा ते घडी करून बाजूला ठेवत आणि मशीन सुरू करत. ते मशीन सुरू झालं की लगेच कामाला लागत नसे. काळ्या पडद्यावर एक शब्द येई आणि त्यापुढे एक चौकोन लुकलुकत राही. मशीन विचारत असे, कुठे जायचं? कारण भाऊने त्यात दोन सिस्टिम टाकून ठेवल्या होत्या. एकीकडे विंडोज, रंगीत, जिच्यावर शेजारची मुलं पत्ते खेळायची. दुसरीकडे लिनक्स, नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. एक चालू असली की दुसरी बंद. दोघी एकाच डिस्कवर राहायच्या, पण एकमेकींना कधी भेटायच्या नाहीत. आबा त्यांना 'ही बाजू' आणि 'ती बाजू' म्हणत.

मशीनने विचारलं की आबा एका बोटाने 'त्या बाजू'चं नाव टाइप करत. पडद्यावरून ओळी सरसरत वर जात. मग ते भाऊचं नाव टाकत, त्याने पूर्वी कधीतरी लिहून दिलेला परवलीचा शब्द टाकत. तेव्हा घड्याळात अकरा वाजलेले असत. एक ओळ उमटे. ती ओळ ते वहीत उतरवून घेत आणि मशीन बंद करत. दुसरं काहीच करत नसत. या वेळात कुणी बोलायचं नाही असा नियम होता. अक्कासुद्धा भांडी खाली ठेवताना आवाज होऊ देत नसत.

एक दिवस त्यांनी मला जवळ बोलावून ती ओळ दाखवली. मला तेव्हा नुकतंच वाचता यायला लागलं होतं त्यातलं. या नावाने याआधी शेवटचं कोण, कधी आत आलं, ते मशीन सांगत होतं. तारीख कालची. वेळ दुपारचे चार एकतीस.

"मी काल अकराला बसलो," आबा हळू आवाजात म्हणाले. "मग चार एकतीसला कोण बसलं?"

"अक्का?"

"तिला बटण कुठलं ते माहीत नाही."

"शेजारची मुलं?"

"त्यांना हा शब्द माहीत नाही. आणि काल चारला वीज कुठे होती?"

त्या उन्हाळ्यात आमच्या भागातली वीज दुपारी तीन ते सहा जायची. वीज नसताना हे मशीन कसं चालू होईल? आबांनी वहीची मागची पानं उलटली. रोज चार तीस, चार एकतीस, चार तीस. अडीच-पावणेतीन वर्षांच्या नोंदी, निळ्या पेनाने. मध्ये एक दिवस चार सत्तावन्न, लाल. "त्या दिवशी अक्काच्या डोळ्यांसाठी दवाखान्यात गेलो होतो," ते म्हणाले. "मला बसायला उशीर झाला. तोही उशिरा आला. माझ्यावरच गेलाय."

ते हे अगदी सहज, थोड्या अभिमानानेही म्हणाले.

मी विज्ञानाचा विद्यार्थी होतो. असलं काही मानायचं नाही असं मनाशी ठरवलेलं होतं. म्हणून एका दुपारी मी कॉलेजातून लवकर आलो आणि पुढच्या खोलीत जाऊन बसलो. आबा-अक्का आत झोपले होते. मे महिन्याचं ऊन. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं, डांबराचा वास येत होता. पंखा बंद. चारला मी त्या लुगड्याच्या आवरणाकडे बघायला लागलो. साडेचार वाजले. काही झालं नाही. आवरणाची एक कड किंचित हलल्यासारखी वाटली, पण खिडकी उघडी होती, वाराही असेल. पाचपर्यंत मी जागचा हललो नाही. मशीनच्या मागे हात लावून पाहिलं, थंड होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला आबांनी मला हाक मारली. ओळ आली होती. काल, चार तीस.

त्या खोलीत त्या वेळी मी होतो, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्यानंतर मी त्या खोलीतून जाताना मशीनकडे पाठ करत नसे.

पुढच्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आधी जे झालं ते माझ्यामुळे झालं. क्लासमध्ये मला नव्या विंडोजची सीडी मिळाली होती. शेजारची मुलं तक्रार करायची की ही बाजू फार अडकते. मी आबांना म्हणालो, "मी नवी चढवून देऊ? क्लासमध्ये दोनदा केलंय." मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं.

आबांनी बराच विचार केला. "त्या बाजूला हात लागणार नाही?"

"नाही लागणार."

"अंदाजे नाही, की नक्की नाही?"

"नक्की नाही, आबा."

आणि मी खरंच लावला नाही. दोन तास बसून फक्त ही बाजू नवी केली. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. आबा मागे उभे होते. पडदा काळा झाला, आणि त्यावरून सरळ रंगीत ढग आले. मशीन थांबलंच नाही. तो शब्द नाही, तो लुकलुकणारा चौकोन नाही. मी पुन्हा बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा ढग.

"विचारलं नाही त्याने," आबा म्हणाले.

मी तिसऱ्यांदा केलं.

"विचारत नाही ते आता," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

पुढचे तीन दिवस ते दहा पंचावन्नला आवरण काढून मशीनसमोर बसत आणि सुरू न करता अकरा पाचला उठत. न्हाणीघराची गाडी लागेना. दूधवाला वीस मिनिटं उशिरा आला, कुणी लिहिलं नाही. नानांनी समोरून ओरडून विचारलं, "कंट्रोलर, गाड्या बंद का आज?" आबांनी खिडकी लोटून घेतली. मी त्या माणसाच्या मुलाला भिंतीत चिणल्यासारखं वाटत होतं.

अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. आखाजी चार दिवसांवर होती. त्या सांजोऱ्यांसाठी रवा चाळत होत्या. आखाजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची नवी घागर भरून ठेवतात, त्यावर खरबूज, आंबा, सांजोरी. दरवर्षी त्या आबांना विचारत की पोराची घागर भरायची का, आणि आबा वही पुढे करत. जो रोज येतो त्याची घागर कशी भरायची?

"चार वरीस व्हयनात," त्या म्हणाल्या. "तू शिकेल शे. माले खरं सांग. तठे कोन्ही येस का?"

मी म्हणालो, "माहीत नाही अक्का. आधी ती बाजू उघडू द्या."

"उघडी तर उघड. पन माले येक काय ते कळू दे. आते नही सहन होत."

मी दुसऱ्या दिवशी जळगावला गेलो. तिथल्या इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर माझ्या क्लासमधल्या एकाचा थोरला भाऊ होता, त्याला लिनक्स येत होतं. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी नकळत खिडकीशी बसलेल्या माणसांकडे बघत राहिलो. होस्टेलवरच्या मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "काही पुसलं गेलेलं नाही रे. नव्या विंडोजने चढताना सुरुवातीची जागा घेतली. आतली खोली तशीच आहे, दार फक्त बुजलंय." त्याने मला एक फ्लॉपी करून दिली आणि कागदावर पाच ओळी लिहून दिल्या. "हिने आत शिर आणि आतून दार परत बसव."

आखाजीच्या दोन दिवस आधी सकाळी मी फ्लॉपी घातली. ती घरघरली, बराच वेळ. मग ओळी सरसरत वर गेल्या आणि भाऊची बाजू उघडली. कागदावरच्या ओळी मी तीनतीनदा वाचून टाइप केल्या. सगळं नीट झालं का पाहावं म्हणून वेळ विचारली, तर पडद्यावर पावणेचार दिसले. भिंतीवर सव्वादहा होते. मला वाटलं, माझ्याच हातून आणखी काहीतरी बिघडलं. मी शोधत शोधत घड्याळाच्या सेटिंगमधली एक खूण काढून टाकली. वेळ जुळली. मशीन बंद करून सुरू केलं. पडदा काळा झाला, तो शब्द आला आणि चौकोन लुकलुकायला लागला.

"आबा, विचारतंय!" मी ओरडलो.

ते आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. अकराला ते बसले, ओळ आली ती दहा तेवीसची. "ते मीच. बघायला आत गेलो होतो, तुमचा शब्द पाहून पाठ झालाय," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. दुपारी मी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी अकराला ओळ आली. काल, सकाळी अकरा.

आबांनी ती दोनदा वाचली. "काल नाही आला," ते म्हणाले. आखाजीच्या दिवशीही तीच ओळ, काल सकाळी अकरा. त्यांनी वही मिटली, पेनं खिशात ठेवली आणि आत जाऊन अक्कांना म्हणाले, "भर."

अक्कांनी नवी घागर धुतली, भरली, वर खरबूज ठेवलं, मुलाचं नाव घेतलं. मग ओट्याला टेकून बसल्या आणि मोठ्याने रडल्या. थोड्या वेळाने उठून तोंड धुतलं, सांजोऱ्या वाढल्या. माझ्या ताटात वाढताना हळूच म्हणाल्या, "तू बरं करं भाऊ."

जेवल्यावर मी माझ्या खोलीत कागद घेऊन बसलो. पावणेचार आणि सव्वादहा, मधला फरक साडेपाच तास. अकरात साडेपाच मिळवले की साडेचार. दवाखान्याच्या दिवशी आबा अकरा सत्तावीसला बसले असणार, म्हणून चार सत्तावन्न. रोजची ती नोंद आदल्या दिवशी बसलेल्या आबांचीच होती. दारात सावली पडली. आबा होते. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. भाऊने मशीनच्या आतलं घड्याळ इंग्लंडच्या वेळेवर ठेवलं असणार आणि त्या बाजूला सांगितलं असणार की साडेपाच तास मिळवून दाखव. मी काढलेली खूण तीच. मग त्या घड्याळाची वेळ पुढे कुणी बदलली का, मी विचारलं.

"त्यातला सेल संपला होता," आबा म्हणाले. "तो गेल्यावर दोन महिन्यांनी. टीव्ही दुरुस्तीवाल्याने नवा टाकला. वेळ काय लावू म्हणाला. मीच सांगितली, सेकंदासकट."

"म्हणून, आबा. बरोबर वेळेत साडेपाच तास मिळत गेले."

ते खाटेच्या कडेवर बसले. "किती वेळ लागला तुला हे काढायला?"

"आत्ताच. जेवल्यावर."

"मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

मी हातातला कागद खाली ठेवला.

"एकतीस वर्षं वेळा लिहिल्या मी. रोजचा सारखा फरक मला दिसणार नाही? दवाखान्याच्या दिवशी मुद्दाम उशिरा बसलो होतो, खात्री करायला." ते गळ्याशी शर्टाचं बटण चाचपत होते. "गाडी लेट असली ना, की आम्ही दर पंधरा मिनिटांनी माइकवर सांगायचो, येत आहे. कधीकधी आम्हालाही माहीत नसायचं. पण सांगणारा गप्प झाला की माणसं उठून जातात. आज अक्का उठली."

"त्यांना बरं वाटलं, आबा."

"हो. तिचं बरोबर आहे." मग त्यांनी माझा कागद उचलून घडी घातली. "तिला नको सांगू. पण माझ्यासाठी ते घड्याळ परत होतं तसं करून दे."

"पण तुम्हाला तर माहीत आहे, की..."

"करून दे रे भाऊ."

भाऊ तर ते कुणालाही म्हणत. तरी मी तो शब्द ऐकून लगेच उठलो. अक्का आत पडल्या होत्या. आखाजीमुळे आज सगळी गल्ली आत होती, कुठूनतरी झोक्यावरच्या मुलींची गाणी ऐकू येत होती. साडेबाराला मी मशीन सुरू केलं, त्याने विचारलं, मी त्या बाजूला गेलो. काढलेली खूण परत घातली. नीट झालं की नाही बघायला बंद करून पुन्हा आत गेलो. नाव भाऊचंच टाकलं, शब्द भाऊचाच. खुर्ची माझ्या मापाची वाटली. भिंतीवर बारा पन्नास झाले होते.

दुसऱ्या दिवशी अकराला आबांनी मला हाक मारली. आवाज नेहमीसारखा झाला होता. ओळ पडद्यावर होती. काल, सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटं.

"सहा वीस," ते म्हणाले. "सण होता, गर्दी असणार. पण आला."

मी म्हणणार होतो की आबा, तो मी होतो, बारा पन्नासला. ते त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. त्यांनी लाल पेनाने वेळ लिहिली, वही माझ्याकडे फिरवली आणि निळं पेन पुढे केलं.

"स्टँडवर गाडी आली की ड्रायव्हर केबिनच्या खिडकीशी येऊन सही करतो," ते म्हणाले. "त्याशिवाय आली असं धरत नाहीत. इथे कर."

आतून अक्कांच्या बांगड्यांचा आवाज येत होता. त्या पुढे येत होत्या. मी घाईने सही केली. नंतर पाहिलं तर सही भाऊच्या नावाची होती आणि अक्षर माझं नव्हतं.